गोड बातमीची शहानिशा

युद्धाच्या प्रसंगी शत्रूच्या तोफांपासून देशाचे रक्षण करणे हे सैन्याचे काम असते. परंतु स्वतःच्याच अधीरतेपासून, द्वेषापासून आणि जे ऐकावेसे वाटते तेच खरे मानून चालण्याच्या मोहापासून समाजाला सावरून धरणे हे ज्यांचे काम, त्या वृत्तव्यवसायातील एका फार मोठ्या आणि फार बलिष्ठ वर्गाने २०२५ च्या मे महिन्यात आपले कर्तव्य केले नाही, आणि त्या कर्तव्यच्युतीबद्दल त्याला अद्याप कोणी नीट जाब विचारलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवसांतील लोकमानसाची अवस्था समजण्यासारखी होती. २२ एप्रिल रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील सहाजण होते: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे आणि पनवेलचा एक. सुटीसाठी गेलेल्या माणसांची शवे ज्या घरांत परत आली, त्या घरांच्या दुःखात सारा मुलूख सामील झाला होता आणि या रक्तपाताचे उत्तर दिले गेले पाहिजे ही भावना पक्षभेदाच्या पलीकडची होती. ७ मे च्या पहाटे भारतीय सैन्याने पाकिस्तानात व पाकव्याप्त काश्मिरात नऊ ठिकाणी मारा केला. त्याच सकाळी परराष्ट्र सचिव विक्रम मिसरी, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी पत्रकारांसमोर जे निवेदन केले, ते संयत होते, मोजके होते आणि लष्करी पेशाला शोभेल असेच होते. आवेश दाखविण्याचा पूर्ण अधिकार ज्यांना होता, त्यांनी तो दाखविला नाही.

परंतु ८ मे च्या रात्री देशातील अनेक वृत्तवाहिन्यांवर जे घडले, त्याला या संयमाशी काही नातेच उरले नव्हते. कराची बंदर आपल्या नौदलाने उद्ध्वस्त केले, इस्लामाबाद ताब्यात आले, पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांना अटक झाली, तिकडे सत्तापालट झाला, अशी एकाहून एक चढती वृत्ते काही तास अखंड सांगितली गेली. गाझातील जुन्या हल्ल्यांची आणि व्हिडिओ गेममधील कृत्रिम विमानांची चित्रे आपल्या पराक्रमाचा पुरावा म्हणून पडद्यावर आणि घराघरांतील मोबाइलवर फिरली. आणि हवाई हल्ल्याच्या सूचनेचा भोंगा, जो प्रत्यक्ष संकटातच वाजावयाचा, तो कार्यक्रमाची रंगत वाढविण्यासाठी वाजविला गेला, इतका की तसे करू नये अशी लेखी सूचना नागरी संरक्षण खात्याला वाहिन्यांसाठी काढावी लागली. नुकत्याच २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाच्या कवायतीचे आदेश निघाले होते; त्या भोंग्याचा अर्थ लोकांनी गंभीरपणे घ्यावा म्हणून एकीकडे शासन धडपडत असताना दुसरीकडे तो अर्थच झिजवून टाकला जात होता. पुढे ११ मे रोजी व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितले की, आपले आरमार कराचीसह निवडक लक्ष्यांवर आपल्याला हव्या त्या वेळी मारा करण्यास सज्ज होऊन उभे होते. मारा करण्यास सज्ज होते याचा अर्थ मारा झालेला नव्हता. ज्या नौदलाच्या नावाने तो विजय सांगितला गेला, त्या नौदलाच्याच निवेदनाने तो खोटा ठरला.

कोणी म्हणेल की, या खोटेपणाने कोणाचे काय बिघडले? चार घटका लोकांना धीर आला, एवढेच ना? या प्रश्नाचे उत्तर पूंछ शहरातील एका मदरशाच्या शिक्षकाच्या कुटुंबाला विचारावे. ७ मे रोजी सीमेपलीकडून झालेल्या तोफांच्या माऱ्यात हा भारतीय नागरिक मृत्युमुखी पडला. आणि ज्या देशाचा नागरिक म्हणून त्याने शत्रूचा गोळा अंगावर घेतला, त्याच देशातील काही वाहिन्यांनी त्याचे छायाचित्र दाखवून ठार झालेला दहशतवादी म्हणून त्याची ओळख करून दिली. पूंछच्या पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. पुढे तेथील न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. घरातील कर्त्या माणसाचे प्रेत दारात असताना त्याच्या निरपराधीपणाची ग्वाही जगाला देत बसण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांच्या यातनांची भरपाई कोणत्या दिलगिरीने होणार आहे?

युद्धाची बातमी आणि तिची सत्यता यांचे मोल मराठी माणसाने फार महाग किमतीला शिकलेले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले, ते नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळले ते कोणा सरदाराच्या खलित्यातून नव्हे, तर उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललेल्या एका सावकारी पत्रातून, भिलशाच्या परिसरात. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतील त्या मजकुराची हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते पत्र थोडक्यात होते, कटू होते आणि खरे होते, आणि ते खरे असण्याचे कारण असे की, लिहिणाऱ्याचा सारा व्यवहार खऱ्या खबरीवर चालत होता. दिल्लीत फौज जिंकली की हरली यावर ज्याच्या हुंड्या पटावयाच्या की बुडावयाच्या हे ठरते, तो पेढीवाला आपल्या आडतियाला सुखाची थाप लिहून पाठविणार नाही. पेशव्याला त्या पत्राने जो घाव बसला त्यातून तो उठला नाही. पाच महिन्यांनी पर्वतीवर त्याचा अंत झाला. तरी त्या पत्राला कोणी दोष देत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरणही त्याच पराभवातून जन्मास आले. सदाशिवरावभाऊंचे पार्थिव निःसंशय ओळखले गेले की नाही, याविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. आणि भाऊ जिवंत आहेत, कोठेतरी अज्ञातवासात आहेत, एक दिवस परत येतील, ही आशा घरोघरी जपली गेली. त्या आशेच्या पोटी तोतया जन्मला. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब आहोत असे सांगू लागला. त्याला पकडून रत्नागिरीस कैदेत ठेवले असता तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे हाच त्याला फितूर झाला. कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या स्वाधीन होत गेले. आणि रघुनाथरावांचे व इंग्रजांचे संकट दारात उभे असताना पुण्याचा कारभार पाहणाऱ्या बारभाईंना आपली फौज या भासमान भाऊसाहेबांवर पाठवावी लागली. राघोजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. त्याच्यामागे गेलेले सगळेच लबाड होते असे नव्हे. त्यांतील कित्येकांचे भाऊसाहेबांवर जिवापाड प्रेम होते, आणि म्हणूनच ते फसले. प्रेम, अभिमान, शोक या मनुष्यस्वभावातील श्रेष्ठ भावना होत. परंतु त्यांच्या आहारी गेलेल्या मनाला दाखल्याची गरज वाटेनाशी होते, आणि जो आपल्याला हवे ते सांगतो त्याच्या पाठीमागे चालू लागण्यास त्याला अर्धी घटकाही पुरते. ८ मे च्या रात्री घरोघरी जे झाले ते याहून वेगळे नव्हते. देशावरील प्रेमाचा उपयोग देशबांधवांना फसविण्यासाठी करण्यात आला, या गोष्टीचा मला सर्वांत अधिक संताप येतो.

हे दुर्वर्तन नवे नाही, आणि त्याविषयी यापूर्वी कोणी बजावले नव्हते असेही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ताज, ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथील कारवाईचे क्षणोक्षणीचे चित्रण वाहिन्यांनी थेट दाखविले, आणि सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना आज्ञा देणारे त्यांचे सूत्रधार ते चित्रण पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मधील कसाबच्या अपिलावरील निकालात या वर्तनाची अत्यंत कठोर शब्दांत नोंद घेतली आणि अशा प्रसारणाचे समर्थन भाषणस्वातंत्र्याच्या नावाने करता येणार नाही असे बजावले. त्यानंतर दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रसारणाला मनाई करणारा नियम झाला, आणि २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याची पुन्हा आठवण करून दिली. म्हणजे काय दाखवू नये याचा विचार झाला होता. परंतु जे घडलेच नाही ते घडले म्हणून सांगू नये, हे कोणाला लेखी बजावावे लागेल असे बहुधा कोणाच्या मनातच आले नसावे.

असत्याचा हा मक्ता केवळ आपल्याकडेच नव्हता, हेही नमूद करणे न्यायाचे होईल. भारताची विमाने पाडल्याचा पुरावा काय, असे सीएनएनच्या मुलाखतीत विचारले असता पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी समाजमाध्यमांकडे बोट दाखविले; आणि परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी तेथील सिनेटमध्ये एका ब्रिटिश दैनिकाच्या ज्या पृष्ठाचा हवाला देऊन आपल्या हवाई दलाची थोरवी गायिली, ते पृष्ठच बनावट होते. एका अण्वस्त्रसज्ज राष्ट्राच्या मंत्र्याने वरिष्ठ सभागृहात उभे राहून बनावट कागदाचा दाखला द्यावा, ही भीतिदायक गोष्ट आहे. परंतु त्याच प्रकरणातील पुढचा भाग आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे: ते पृष्ठ बनावट असल्याचे पाकिस्तानातीलच ‘डॉन’ या वृत्तपत्राने शहानिशा करून छापले. युद्ध नुकतेच थांबले होते, लोकभावना तापलेली होती, आणि तरीही त्या वृत्तपत्राने आपल्याच मंत्र्याचे म्हणणे तपासून पाहिले. शत्रुराष्ट्रातील असले तरी चांगले ते चांगलेच म्हटले पाहिजे.

वाहिन्यांनी जे पेरले ते दूरवर पोहोचविण्याचे काम मात्र आपण सर्वांनी, आपापल्या हातांनी केले. व्हॉट्सॲपवरील अफवेने माणसे मरतात हे महाराष्ट्राला अन्य कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आली आहे या अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेचे बळी झाले. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली. परंतु पाच ठिकाणांहून पंचवीस आणि पंचविसांहून सव्वाशे व्हावयास काही क्षण पुरतात, आणि पाठविणाऱ्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे मजकूर शुद्ध होतो असे नाही. राईनपाड्याचा तो संदेश पुढे पाठविणाऱ्यांत आपल्या मुलांची काळजी करणारे आईबापही असतीलच; त्या काळजीने पाच संसार उद्ध्वस्त झाले.

युद्धकाळात याचा भार किती वाढतो, याचा निर्वाळा खुद्द सेनापतींनी दिला आहे. ३१ मे २०२५ रोजी सिंगापूर येथे बोलताना संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सांगितले की, या कारवाईच्या काळात सैन्याचा सुमारे १५ टक्के वेळ खोट्या कथनांना उत्तर देण्यात खर्ची पडला. शत्रूशी लढण्यासाठी ज्यांना एकेक क्षण मोलाचा होता, त्यांना अफवांशी लढावे लागले. ती सर्व असत्ये परक्यांचीच होती, असे कोणीही प्रामाणिक माणूस छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही.

आणि १० मे रोजी शस्त्रसंधी जाहीर झाला तेव्हा या गोड असत्याचे सर्वांत कडू फळ हाती आले. ज्यांना दोन रात्रींपूर्वी इस्लामाबाद पडल्याचे सांगितले होते, त्यांना जिंकलेले युद्ध का थांबविले असा प्रश्न पडला. आणि त्यांचा राग ज्यांनी खोटे सांगितले त्यांच्यावर न जाता, ज्याने खरे सांगितले त्याच्यावर गेला. परराष्ट्र सचिव मिसरी, ज्यांनी सबंध आठवडाभर देशाची बाजू संयमाने मांडली होती, त्यांच्यावर आणि त्यांच्या कन्येवर इतकी गलिच्छ शिवीगाळ झाली की त्यांना आपले एक्सवरील खाते सार्वजनिक दृष्टीपासून बंद करावे लागले. त्याआधी पहलगाममध्ये पती गमावलेल्या एका तरुण स्त्रीने काश्मिरींचा व मुसलमानांचा द्वेष करू नका असे म्हटल्याबद्दल तिचीही अशीच विटंबना झाली होती. जिचे कुंकू त्या हल्ल्यात पुसले गेले, तिला देशप्रेम शिकविण्याचा अधिकार या अनाम माणसांना कोणी दिला? इंटरनेटवरील गर्दीला चेहरा नसतो म्हणून तिला सदसद्विवेकही नसावा, हे आपण मान्य करून चालावयाचे काय?

शासनाची जबाबदारी येथे दुहेरी आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांत उणीव राहिली असे मला वाटते. एक्स या कंपनीने सांगितल्याप्रमाणे त्या काळात ८००० हून अधिक खाती बंद करण्याचे हुकूम तिला मिळाले, आणि त्यांत वृत्तसंस्था व पत्रकारांची खातीही होती. परंतु कराची जाळणाऱ्या वाहिन्यांना त्या रात्री कोणी हटकल्याचे दिसले नाही. असत्याचा बंदोबस्त करावयाचा तर तो अप्रिय असत्यापुरता आणि कधीकधी अप्रिय सत्यापुरताच करून चालणार नाही. सत्यासत्याचा निवाडा सरकारी कचेरीकडे सोपवावा, असेही मी म्हणत नाही. केंद्र शासनाने स्वतःविषयीच्या वृत्तांची सत्यता ठरविण्यासाठी जी यंत्रणा नियमांन्वये निर्माण करू पाहिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविली, आणि तो निकाल मला सर्वस्वी योग्य वाटतो. शासनाचे खरे कर्तव्य निराळे आहे. आपणास काय कळले आहे आणि काय सांगता येणार नाही, हे त्याने वेळेवर आणि स्वतःच्या तोंडाने सांगावे. आपली काही विमाने पडल्याची कबुली देशाला प्रथम जनरल चौहान यांच्या सिंगापुरातील मुलाखतीतून मिळावी, संसदेतून मिळू नये, हे स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकांच्या इभ्रतीला धरून झाले नाही. सरकारदरबारी मौन पाळले गेले की त्या मोकळ्या जागेत तोतये शिरतात.

परंतु मुख्य उपाय वृत्तव्यवसायाच्याच हाती आहे, आणि तो साधा आहे. जे खोटे सांगितले ते खोटे होते असे, ज्या वेळी सांगितले त्याच वेळी, ज्या मोठ्या अक्षरांत सांगितले त्याच अक्षरांत आणि तेवढाच वेळ सांगावे. एका वाहिनीने पडद्यावर दिलगिरी व्यक्त केली, तिला तेवढे श्रेय दिले पाहिजे. परंतु बहुतेकांनी दुसऱ्या दिवशी नवा मजकूर सुरू केला आणि कालचा मजकूर कधी झालाच नव्हता अशी बतावणी केली. छापील वृत्तपत्रांसाठी १९७८ च्या कायद्याने निदान प्रेस कौन्सिल आहे, ते ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते. वाहिन्या त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची स्वनियंत्रण संस्था जास्तीत जास्त १ लाख रुपयांचा दंड करीत असे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दंडाचा कोणाला धाक वाटेल काय, असा प्रश्न भर न्यायालयात उपस्थित केला. एका रात्रीच्या जाहिरातींचे उत्पन्न लक्षात घेता तो प्रश्न सर्वथैव सार्थ होता. दुरुस्ती प्रसारित करण्याची सक्ती मात्र दंडापेक्षा अधिक परिणामकारक होईल, कारण तिने पैसा जात नाही, पत जाते. आणि ज्या सावकाराचा उल्लेख मी वर केला, त्याच्या पेढीचा आधार त्याची पत हाच होता.

वाचकांना यासंबंधी एक अधिकार आहे, जो फारच थोड्यांना ठाऊक आहे. केबल दूरचित्रवाणीसंबंधीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे कोणाही प्रेक्षकाला वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल १५ दिवसांत कळविणे वाहिनीवर बंधनकारक आहे, आणि तो समाधानकारक न वाटल्यास स्वनियंत्रण संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र शासनाच्या समितीकडे दाद मागता येते. पुढच्या वेळी, आणि अशी वेळ पुन्हा येणार नाही असे मानण्यास मला कोणताही आधार दिसत नाही, पडद्यावर जे शहर पडल्याचे सांगितले जाईल ते प्रत्यक्षात उभे असल्याचे सकाळी कळले, तर ती बातमी विसरून जाऊ नका. वाहिनीचे नाव, दिनांक आणि वेळ टिपून ठेवा, तक्रार लिहा, आणि उत्तर येईपर्यंत तिचा पाठपुरावा करा.